पात्रापात्रविवेक : वस्तूसाठी योग्य प्लॅस्टिकची निवड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिरुनागेश्वरम् येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



वर्ष सोन्याचे आणि व्याख्यान प्लॅस्टिकचे, हा योग पाहून काही मंडळींना गंमत वाटली असेल. शिवाय आम्ही अभियंते नव्हे, रसायनशास्त्रज्ञही नव्हे. आमची पदवी बी. ए. ची. परंतु केंद्र सरकारच्या सेवेतील आमची बरीच वर्षे खरेदीच्या कागदपत्रांत गेली. 'प्लॅस्टिक' हा एकच शब्द लिहून लक्षावधी रुपयांचा माल मागविता येतो, आणि त्या शब्दापुढे आणखी चार शब्द लिहिले नाहीत तर त्याची किंमत दूर कोठेतरी तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, हे आम्ही त्या कागदांत पाहिले. तेव्हापासून जाणत्या लोकांना विचारून, वाचून, कारखाने पाहून जे समजले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

सांगावयाचे आहे ते एका वाक्यात असे की, 'उत्तम प्लॅस्टिक' या नावाची वस्तू जगात नाही. अमुक कामाला योग्य असे प्लॅस्टिक असते, आणि तेच दुसऱ्या कामाला घातक ठरू शकते.

ही गोष्ट समजून घ्यावयास आपण बसलो आहोत ते गाव मोठे सोयीचे आहे. सकाळी आपण सर्वांनी नागनाथस्वामींचे आणि राहूचे दर्शन घेतले. काहीजण जवळच ओप्पिलियप्पन पेरुमाळांच्या देवळातही जाऊन आले. तेथला प्रसाद अळणी असतो. मार्कंडेय ऋषींची कन्या लहान, तिला स्वयंपाकात मीठ घालण्याचेही ज्ञान नाही, तेव्हा देवानेच अळणी अन्न मान्य केले, अशी कथा आहे. कथेतील श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने मानावा. आम्ही त्यातून एवढेच घेतो की, पदार्थ कसा करावयाचा हे तो कोणासाठी आहे यावरून ठरते. एरवी मीठ नसणे हा दोष, पण या देवळात मीठ असणे हा दोष !

येथून थोड्याच अंतरावरील स्वामीमलैचे स्थपती हाच न्याय रोज हाताने पाळतात. ते मूर्ती प्रथम मेणाची घडवितात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप देतात, मग भट्टी लावून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मेण उन्हात टिकत नाही, बोट लागले तरी दबते. म्हणूनच ते येथे हवे. ते वितळले नाही तर मूर्तीच होणार नाही. तेथल्या कारागिराला 'मेण चांगले की पंचधातू चांगला ?' असे विचारले तर तो हसेल. आम्ही मात्र 'प्लॅस्टिक चांगले की वाईट ?' यावर तासन् तास वाद घालतो.

तिसरे उदाहरण मागाचे. कुंभकोणम परिसर रेशीम विणकामासाठी प्रसिद्ध आहे. शेजारच्या तिरुभुवनमच्या रेशमी साडीला २०१९ साली भौगोलिक चिन्हांकनही मिळाले. आपल्याकडे इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी आणला. यंत्रमागावर धोट्याला दर फेरीला तडाखा देणारा एक छोटासा भाग असतो. त्याला पिकर म्हणतात. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा तो धोट्यावर आदळतो. पूर्वी पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा, तेलात मुरविलेला असे. पुढे ती जागा अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिएथिलीनने घेतली. ज्या कुळातून दुधाची पिशवी तयार होते, त्याच कुळातील हा पदार्थ. परंतु त्याचे रेणू इतके लांब असतात की धक्का पचविण्यात आणि घर्षण सोसण्यात त्याची बरोबरी करणारे पदार्थ थोडे. त्याच जागी पॉलिस्टायरीनचा पिकर बसविला तर तो पहिल्या काही तडाख्यांतच काचेसारखा फुटेल. दिसण्यात मात्र पॉलिस्टायरीन अधिक चकचकीत आणि कडक !

आता या कुटुंबाची थोडी ओळख करून घेऊ. प्लॅस्टिकचे दोन मुख्य वर्ग आहेत. एक ऊष्मामृदू, म्हणजे तापविले की मऊ होणारे, थंड केले की घट्ट होणारे आणि पुन्हा तापविता येणारे. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पी. व्ही. सी., पॉलिस्टायरीन, नायलॉन, ॲसिटल, पॉलिकार्बोनेट ही सारी त्यात येतात. दुसरा वर्ग ऊष्मादृढ. हे एकदा भाजून घट्ट झाले की पुन्हा कधी वितळत नाहीत. मेण आणि वीट यांत जो फरक तोच या दोहोंत. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली शोधलेले बेकेलाइट दुसऱ्या वर्गातले. आपल्या प्रेशर कुकरची काळी मूठ पाहा. तिच्याजागी साध्या पॉलिएथिलीनची मूठ बसविली तर ज्योतीजवळ ती वितळून हातात येईल. बेकेलाइट ठिसूळ आहे, आपटले तर फुटते, त्याला रंगांची हौस भागविता येत नाही. पण चुलीजवळ न वितळणे हा एक गुण या सर्व उणिवांहून मोठा आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, कोणताही भाग करावयाचा असो, त्या भागाला काही प्रश्न विचारावेत आणि त्याची उत्तरे कागदावर मांडावीत, असे जाणकार सांगतात. ते प्रश्न आम्ही आमच्या बोलीत मांडतो.

पहिला प्रश्न, वजन किती आणि किती वेळ ? धातू आणि प्लॅस्टिक यांत येथे मोठा भेद आहे. प्लॅस्टिकवर सतत भार राहिला तर तो भार मोडण्याजोगा नसला तरीही वस्तू हळूहळू वाकत जाते. पुस्तकांनी भरलेली प्लॅस्टिकची फळी वर्षभरात मध्ये झोळ खाते ती यामुळे. क्षणभराचा धक्का सोसणारा पदार्थ वर्षभराचा भार सोसेलच असे नाही.

दुसरा प्रश्न, उष्णतेचा. पी. व्ही. सी. सुमारे ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, पॉलिस्टायरीन १०० च्या आसपास. उच्च घनतेचे पॉलिएथिलीन सुमारे १३० ला वितळते, पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ ला, नायलॉन-६ सुमारे २२० ला. मात्र वितळण्याच्या कितीतरी आधी ताकद खालावते, हे विसरू नये. न्हाणीघरातील गरम पाण्याच्या नळासाठी साधे पी. व्ही. सी. चालत नाही. तेथे अधिक क्लोरीन असलेली त्याची भावंडे, म्हणजे सी. पी. व्ही. सी. ची नळी, लागते. दोन्ही नळ्या दुकानात शेजारी शेजारी उभ्या असतात आणि एक स्वस्त असते. पुढे काय होते हे आपणांपैकी काहींनी घर बांधताना अनुभविले असेल.

तिसरा प्रश्न, सोबत कोणाची ? पाणी, तेल, साबण, आम्ल ? नायलॉन चिवट खरे, पण ते हवेतील ओलावा पिते; पाण्यात बुडवून ठेवल्यास नायलॉन-६ स्वतःच्या वजनाच्या सुमारे नऊ टक्क्यांपर्यंत पाणी शोषून घेते आणि फुगते. त्यामुळे ज्या चाकाचे माप केसाइतके अचूक हवे आणि जे पाण्यात राहणार आहे, त्याला ॲसिटल बरे. याउलट पॉलिएथिलीन पाणी पीत नाही. पण ताण असलेल्या जागी साबणाच्या पाण्याचा दीर्घ सहवास घडला की त्याच्या काही प्रतींना तडे जातात. कपडे भिजविण्याची बादली कडीच्या जागीच का चिरते, याचे एक उत्तर यात आहे.

चौथा प्रश्न, उन्हाचा. आपल्या देशात हा प्रश्न पहिला विचारावा असे आम्हांस वाटते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण प्लॅस्टिकचे लांब रेणू तोडतात. पॉलिप्रॉपिलीन तर संरक्षक द्रव्य न घालता उघड्यावर ठेवले की फार लवकर ठिसूळ होते. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय काजळी. पॉलिएथिलीनमध्ये सुमारे अडीच टक्के बारीक काजळी नीट मिसळली की ती किरण शोषून घेते. जळगावच्या केळीच्या बागांतून ठिबक सिंचनाच्या ज्या नळ्या पसरलेल्या दिसतात त्या काळ्या का, याचे कारण हेच. तो काळेपणा नळीचे आयुष्य आहे. तो काढून तिला सुंदर रंग दिला, आणि दुसरे संरक्षक द्रव्य घातले नाही, तर शेतकऱ्याचे भांडवल उन्हात चुरा होऊन जाईल.

पाचवा प्रश्न, अन्नाशी वा शरीराशी स्पर्श आहे काय ? अन्नाला लागणाऱ्या पॉलिएथिलीनसाठी भारतीय मानक संस्थेचे वेगळे मानक आहे, आय. एस. १०१४६. येथे केवळ ताकद पाहून भागत नाही. पॉलिकार्बोनेट काचेसारखे पारदर्शक आणि हातोड्यालाही दाद न देणारे. एके काळी बाळाच्या दुधाच्या बाटलीला आदर्श वाटले. परंतु त्यातून बिसफिनॉल-ए हे द्रव्य अंशमात्र उतरते म्हणून युरोपीय संघाने २०११ साली तान्ह्या मुलांच्या बाटल्यांत ते वापरण्यास बंदी घातली. तेच पॉलिकार्बोनेट कामगाराच्या डोळ्यांवरील चष्म्यात आजही नेत्ररक्षण करीत आहे. पदार्थ तोच, स्थान बदलले.

सहावा प्रश्न कारखान्याचा, साचा कशाचा ? वितळलेले प्लॅस्टिक साच्यात थंड होताना आकसते. पॉलिस्टायरीन सुमारे अर्धा टक्का, तर ॲसिटल वा पॉलिप्रॉपिलीन दीड-दोन टक्के. म्हणून एका मालासाठी केलेल्या साच्यात दुसरा माल ओतला तर भाग निघतो, पण मापात बसत नाही. 'साचा तोच ठेवा, माल तेवढा स्वस्त घाला' अशी सूचना करणारे गृहस्थ प्रत्येक कारखान्यात भेटतात.

आणि किमतीचा प्रश्न विचारताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. माल किलोवर विकत मिळतो, पण साच्यातील जागा घनफळाने भरते. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९, पी. व्ही. सी. ची सुमारे १.४. म्हणजे किलोचा भाव एकच असला तरी पॉलिप्रॉपिलीनचे नग दीडपटीने अधिक निघतात. भावाच्या रकान्यावर बोट ठेवून निर्णय करणाऱ्यास हे दिसत नाही.

हे सारे प्रश्न एकाच वस्तूत कसे एकवटतात आणि त्यांच्या उत्तरांवर किती माणसांचे सुखदुःख अवलंबून असते, हे पाहावयाचे तर हातपंपाचा इतिहास पाहावा. या इतिहासाचा आरंभ आपल्या महाराष्ट्रात आहे आणि त्याचा पुढला अध्याय याच तमिळनाडूत लिहिला गेला, म्हणून तो आपणां सर्वांचा आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत खोल विंधणविहिरी खणल्या जाऊ लागल्या. त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप एका घराच्या वापरासाठी बेतलेले होते. त्यांवर अख्खे गाव पाणी भरू लागले, तेव्हा ते मोडू लागले. जालना आणि सोलापूर भागांत काम करणाऱ्या मिशनरी मंडळींनी तेथल्याच कारखान्यांतून पोलादाचे भक्कम पंप करून घेतले. त्यांतील सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध झाला. त्याची चाचणी कोइमतूरच्या परिसरात झाली आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. पुढे हा पंप भारतात आणि भारताबाहेर लक्षावधी संख्येने बसला.

पंपाचा वरचा भाग पोलादाचा, तो क्वचित मोडे. खरा दुबळा भाग खाली, पाण्यात, कोणालाही न दिसणारा होता. तो म्हणजे दट्ट्यावरील चामड्याचे वायसर. चामडे नैसर्गिक, एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही. वायसर झिजले की पंप पाणी देईनासा होई. ते बदलावयाचे तर खालचा सारा लोखंडी नळ वर काढावा लागे. त्यासाठी तिवई, अवजारे आणि तालुक्याहून येणारी गाडी. गाडी येईपर्यंत गावातील स्त्रिया पुन्हा जुन्या पाणवठ्याची वाट धरीत. काही रुपयांचे वायसर आणि मैलाची पायपीट, असे हे समीकरण होते.

कोइमतूर भागात १९८३ ते १९८८ या काळात हातपंपांवर पद्धतशीर प्रयोग झाले. चामड्याच्या जागी नायट्राइल रबराचे वायसर आले, आणि ते कितीतरी अधिक टिकले. रबर हे प्लॅस्टिकचे चुलत भावंड. दोन्ही बहुवारिके, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू असलेली. रबर तरी नायट्राइलच का ? कारण ते झीज चांगली सोसते आणि एकसारख्या मापाचे पुनःपुन्हा निर्माण करता येते. याच प्रयोगांतून 'मार्क तीन' ची रचना पुढे आली, जीत सारा नळ न काढता दट्ट्या वर घेता येतो.

ऐंशीच्या दशकात पूर्व आफ्रिकेत 'आफ्रिदेव' हा पंप तयार झाला. त्यात हा विचार आणखी पुढे गेला. विहिरीतील नळ कठीण पी. व्ही. सी. चा. उन्हात पी. व्ही. सी. चे काही खरे नाही, पण विहिरीत ऊन नाही. आंबट पाण्यात लोखंड गंजते, पी. व्ही. सी. गंजत नाही. दांड्याच्या बिजागरीतील बेअरिंगे दोन भागांची, एक ॲसिटलचा आणि दुसरा नायलॉनचा. दोन भिन्न प्लॅस्टिके एकमेकांवर फिरली तर एकाच जातीच्या जोडीपेक्षा झीज कमी होते. ही बेअरिंगे हाताने दाबून बसविता येतात, आणि गावातील स्त्रियाही ती बदलू शकतात. योग्य पदार्थाची निवड म्हणजे केवळ भाग टिकणे नव्हे, तो टिकेनासा झाला तेव्हा कोण दुरुस्त करू शकेल याचाही विचार, हे या पंपाने शिकविले.

आता आमच्या फायलींकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील वादाचे प्रकरण आमच्यापुढे आले. उघड्या गच्चीवर बसवावयाच्या उपकरणांच्या पेट्या त्या कार्यालयाने मागविल्या होत्या. मागणीपत्रात शब्द होते, 'उत्तम प्रतीच्या प्लॅस्टिकच्या'. सर्वांत कमी दराची निविदा नियमाप्रमाणे स्वीकारली गेली. पेट्या सुबक आल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या पांढुरक्या पडल्या, आणि पावसाळ्यात झाकणे बोटाच्या दाबाने तुटली. आत पाणी गेले. कार्यालय म्हणाले, पुरवठादाराने फसविले. पुरवठादार म्हणाला, कोणत्या अटीचा भंग केला ते दाखवा. कागद पाहता तो म्हणत होता ते खोटे नव्हते. 'उत्तम' या शब्दाचे मोजमाप कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही. तेथे पदार्थाचे नाव, त्यातील ऊन-संरक्षक द्रव्य, भिंतीची जाडी आणि कसोटीचे मानक असे चार शब्द लिहिलेले असते, तर कमी दराचा नियमही सुखाने पाळता आला असता, कारण मग सर्व निविदा एकाच वस्तूच्या ठरल्या असत्या. नियम गुणवत्तेच्या आड येत नाही. अस्पष्ट भाषा येते. आम्हां बी. ए. वाल्यांना येथे थोडा अभिमान वाटावा ! नेमका शब्द योजणे ही विद्या साहित्याइतकीच कारखान्यालाही लागते.

आणि सल्ला देणारे आपल्या देशात नाहीत असेही नाही. प्लॅस्टिक अभियांत्रिकी व तंत्रविद्या यांची केंद्रीय संस्था भारत सरकारने १९६८ साली मद्रासमध्येच, गिंडी येथे स्थापन केली. आज तिची केंद्रे देशभर आहेत. तेथे मालाची परीक्षा होते, साचे होतात, आणि आपल्या मुलामुलींना शिक्षणही मिळते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तर बहुवारिकांच्या संशोधनासाठी विख्यात आहे. येथे बसलेल्या तरुणांपैकी कोणी या वाटेला लागले तर आमचे हे भाषण सार्थकी लागेल.

सातवा आणि शेवटचा प्रश्न राहिला. काम संपल्यावर या वस्तूचे काय होणार ? हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. घटकाभर वापरावयाच्या वस्तूसाठी शेकडो वर्षे न कुजणारा पदार्थ वापरणे, ही निवडीतील सर्वांत मोठी विसंगती होय. नळाला दीर्घायुष्य हा गुण, पेल्याला तोच दोष. तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१८ साली, आणि केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून देशभर काही वस्तूंवर. ही बंदी प्लॅस्टिकवर नाही, अपात्री वापरावर आहे, असा तिचा अर्थ आम्ही लावतो. आज दुपारी आपण केळीच्या पानावर जेवलो आणि पितळी डबऱ्यातून कुंभकोणमची कॉफी प्यालो, तेव्हा कोणालाही प्लॅस्टिकची उणीव भासली नाही. पण त्याच स्वयंपाकासाठी पाणी प्लॅस्टिकच्या नळातून आले, आणि ते वाहून आणणाऱ्या बाईच्या कमरेवर पितळेचा जड हंडा नसून हलका रंगीत प्लॅस्टिकचा घडा होता. त्या घड्याला नावे ठेवण्याचा अधिकार, तो ज्याने कधी उचललेला नाही, त्याला नाही.

घरी गेल्यावर एवढे करावे. डब्याच्या वा बाटलीच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो तो पाहावा. १ म्हणजे पेट, २ उच्च घनतेचे पॉलिएथिलीन, ३ पी. व्ही. सी., ४ कमी घनतेचे पॉलिएथिलीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ इतर सर्व. पाण्याची एकदाच वापरण्याची बाटली पुनःपुन्हा गरम पाण्याने भरू नये; मुलांच्या डब्यात ऊन ऊन वरणभात घालावयाचा तर ५ आकड्याचा अन्नयोग्य डबा अथवा सरळ पोलादाचा घ्यावा; गच्चीवरची टाकी घेताना दरापूर्वी मानकचिन्ह पाहावे. आणि दुकानदार 'एकदम उत्तम प्लॅस्टिक आहे' असे म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारावे, 'कशासाठी ?'

आपल्या भाषेत 'पात्र' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, भांडे आणि योग्य. भांडे निवडताना पूर्वजांनी योग्यतेचा विचार त्या शब्दातच घालून ठेवला आहे.